आधी तंबूची जागा, मग बंदर

ब्रिटनमधल्या मराठी घरांत फ्रान्सला गाडीने जायचा विषय निघाला, की बोलणं लगेच बोटीच्या तिकिटावर येतं. डोव्हरहून कॅलेला दीड तासात पोचता येतं, फेऱ्या दिवसभर असतात, भाडंही बहुधा कमी पडतं. मग तेच तिकीट काढलं जातं आणि तंबूची जागा नंतर शोधली जाते. माझं आग्रहाचं सांगणं असं की हा क्रम उलटा करा. तंबू कुठे ठोकायचा ते आधी ठरवा, म्हणजे बंदर आपोआप ठरेल. कॅलेला उतरून नॉर्मंडीतल्या बायोजवळ जायचं तर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त गाडी हाकावी लागते. तेच पोर्ट्समथहून विस्त्रआमला उतरलात, तर बायो चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. तिकिटात वाचलेले पौंड पेट्रोल, टोल आणि मागच्या सीटवर कंटाळलेल्या मुलांपायी जातात. शिवाय सुट्टीचा एक दिवस जातो तो वेगळाच.

बंदरांचा नकाशा एकदा डोळ्यांखालून घाला. डोव्हरहून कॅले आणि डंकर्क. डंकर्कला सुमारे दोन तास लागतात. न्यूहेवनहून दिएपला चार तास. पूलहून शेरबूरला साडेचार तासांच्या आसपास. पोर्ट्समथहून तर विस्त्रआम, शेरबूर, ल आव्र आणि सां-मालो अशा चार दिशा फुटतात. प्लिमथहून रॉस्कॉफ दिवसाच्या फेरीत सहा तासांच्या घरात, रात्रीच्या फेरीत जास्त. विस्त्रआम हेच वेळापत्रकात ‘काँ’ या नावाने दिसतं, कारण ते काँ शहराचं बंदर आहे. उत्तर इंग्लंड किंवा मिडलंड्समधून येणाऱ्यांना पोर्ट्समथ आणि डोव्हर यांत फारसा फरक पडत नाही. ब्रिस्टल, कार्डिफकडच्यांनी पूल आणि प्लिमथचा विचार आधी करावा. फोकस्टनहून बोगद्यातली गाडी ३५ मिनिटांत कॅलेला सोडते. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी ती सोय चांगली आहे, पण तीही तुम्हाला कॅलेलाच नेऊन ठेवते.

मुलं लहान असतील आणि जायचं ब्रिटनीत असेल, तर पोर्ट्समथ ते सां-मालो ही रात्रीची बोट मला सगळ्यांत सोयीची वाटते. रात्री केबिनमध्ये झोपायचं, सकाळी तटबंदीच्या शहरासमोर उतरायचं. केबिनचे पैसे जास्त पडतात खरे, पण एका रात्रीच्या हॉटेलचे वाचतात आणि गाडी चालवणारा ताजातवाना राहतो.

दुसरा आग्रह मुक्कामाबद्दल. आपल्याकडे सहल म्हणजे आठ दिवसांत दहा ठिकाणं ‘करणं’ अशी सवय मुरलेली आहे. कॅम्पिंगला ती चालत नाही. तंबू उभारायला, गाद्या फुगवायला, स्वयंपाकघर मांडायला अर्धा दिवस जातो आणि आवरायलाही तेवढाच. दर दोन दिवसांनी तळ हलवला तर आईवडील फक्त हमालीच करत राहतात. दोन आठवड्यांत एक तळ, फार तर दोन, एवढंच ठेवा. मुलांना खरा आनंद तिथेच मिळतो: सायकलवर कॅम्पभर हिंडणं, शेजारच्या तंबूतल्या डच नाहीतर फ्रेंच मुलांशी खुणांच्या भाषेत बॉल खेळणं, पहाटे जाऊन स्वतः पाव विकत आणणं. लंडनमध्ये ज्या मुलाला आपण कोपऱ्यावरच्या दुकानात एकटं पाठवत नाही, ते इथे दिवसभर नजरेच्या टप्प्यात पण मोकळं असतं. ही मोकळीक त्याला पुरेशी मिळू द्या.

जागा कोणती निवडावी? पहिल्या खेपेला नॉर्मंडी किंवा ब्रिटनी. बंदरं जवळ, हवा फार तापत नाही, बघण्यासारखं भरपूर. नॉर्मंडीत १९४४च्या चढाईचे किनारे आहेत. आरोमांशला ओहोटीच्या वेळी कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे ठोकळे अजून वाळूत उभे दिसतात, आणि इतिहासाच्या पुस्तकात डी-डे वाचलेली मुलं ते पाहून गप्प होतात. बायोचा प्रसिद्ध भरतकामाचा पट पाहायचा मनात असेल, तर तिथलं संग्रहालय नूतनीकरणासाठी सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे, हे ध्यानात ठेवा. माँ सां-मिशेलला गाडी मुख्य भूमीवरच्या वाहनतळावर ठेवून पुढे बसने किंवा पायी जायचं असतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तर चढणीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा मिळते. ब्रिटनीत कार्नाकला हजारो उभ्या शिळांच्या रांगा आहेत आणि उत्तरेला प्लूमानाकजवळ गुलाबी ग्रॅनाइटचा किनारा.

वाँदे, ल्वारचं खोरं, दोर्दोन्य हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. ल्वारच्या खोऱ्यात शाँबोर, शनाँसो असे राजवाडे. दोर्दोन्यकडे नदीत कनू चालवणं, आणि माँतिन्याकला लास्को गुहेतल्या चित्रांची हुबेहूब प्रतिकृती. मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. इतक्या लांब जायचं तर वाटेत एक रात्र थांबा.

कॅले मार्गे जाणाऱ्या भारतीय कुटुंबांनी एक वाट जरूर वाकडी करावी. कॅलेहून सुमारे तासाभरावर नव-शापेल हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर लढून पडलेल्या, पण ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर कोरलेली आहेत. नवी दिल्लीच्या वास्तुकारांपैकी एक असलेल्या हर्बर्ट बेकर यांनी ते उभारलं आणि १९२७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. घरदार सोडून आलेली ती माणसं फ्लँडर्सच्या चिखलात आणि थंडीत लढली. तिथे शांतपणे अर्धा तास घालवावा आणि मुलांना नावं वाचू द्यावीत.

कधी जायचं, हे शाळाच ठरवते. इंग्लंडच्या शाळा जुलैच्या शेवटी सुटतात आणि नेमकी तेव्हापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फ्रान्सही रस्त्यावर असतो. १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या. यांच्या मधले शनिवार महामार्गांवर सगळ्यांत गर्दीचे. ‘बिझों फुते’ ही सरकारी वाहतूक सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल, काळा असा रंग देते. लाल आणि काळे दिवस टाळून बोटीची तारीख धरा. जमत असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडा. फ्रेंच कुटुंबं घरी परतू लागलेली असतात, दर उतरतात आणि समुद्र वर्षभरात सगळ्यांत उबदार असतो. मेच्या शेवटच्या अर्धसत्र सुट्टीत कॅम्प स्वस्त आणि रिकामे मिळतात, मात्र रात्री गारठा असतो आणि समुद्रात पाय बुडवण्यापलीकडे काही होत नाही. ऑगस्टसाठी चांगली जागा हवी असेल तर नाताळच्या आसपासच आरक्षण करा.

कागदपत्रं

घरात कुणाचा पासपोर्ट कुठला आहे, यावर सगळं अवलंबून आहे, आणि आपल्या घरांत हे बऱ्याचदा मिश्र असतं: आईचा भारतीय, मुलांचा ब्रिटिश. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असला तरी शेंगेन व्हिसा लागतोच. फ्रान्सचा अर्ज लंडन, मँचेस्टर किंवा एडिनबरा इथल्या टीएलएसकॉन्टॅक्ट केंद्रातून करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं हीच मोठी अडचण असते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच हालचाल सुरू करा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कॅम्पच्या आरक्षणाच्या पत्रावर प्रवासातल्या प्रत्येकाचं नाव असेल असं पाहा. ‘दोन मोठे, दोन मुलं’ एवढंच लिहिलेलं पत्र व्हिसाच्या खिडकीवर अपुरं पडू शकतं. कॅम्पच्या कार्यालयाला ईमेल केली की ते बहुधा नावांसकट पत्र पाठवतात. आरक्षण रद्द करता येईल असंच घ्या.

आई-बाबा उन्हाळ्यात भारतातून येणार असतील आणि त्यांनाही न्यायचं असेल, तर त्यांचा शेंगेन व्हिसा निघण्याआधीच मुंबई किंवा पुण्याहून काढा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर आलेल्यांनी इथे येऊन शेंगेनसाठी अर्ज करण्यावर विसंबू नये, कारण अर्ज आपल्या कायमच्या राहत्या देशातून करायचा असतो. त्यांचा ब्रिटनचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, तेही पाहून ठेवा. नाहीतर परतीला अडचण.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना छोट्या सुट्टीसाठी व्हिसा नको, पण १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी नोंदपद्धत सुरू झाली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. डोव्हरला ही फ्रेंच तपासणी बोटीत चढण्याआधीच होते, म्हणून तिथे हातात वेळ ठेवून पोचा. पोर्ट्समथ, पूल, प्लिमथच्या बोटींना ती फ्रान्समध्ये उतरल्यावर होते. ज्यांचा ब्रिटनमधला दर्जा आता ई-व्हिसावर आहे, त्यांनी आपल्या खात्यात चालू पासपोर्टचाच क्रमांक जोडलेला आहे याची निघण्यापूर्वी खात्री करावी. एकटी आई किंवा एकटे बाबा मुलांना घेऊन जाणार असतील, तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतीपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवावी. यासोबत सगळ्यांची जीएचआयसी कार्डं असू द्या. ती फुकट मिळतात आणि फ्रान्सच्या सरकारी दवाखान्यात कामी येतात. प्रवासविम्याची जागा मात्र ती घेत नाहीत.

बोटीवर आणि रस्त्यावर

तिकीट काढताना गाडीची उंची विचारतात. टपावर पेटी किंवा सायकली असतील तर त्या धरून मोजा, मागे सायकलींचा रॅक असेल तर लांबीतही तो धरा. बोटीत गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची आणि चोरीचा अलार्म बंद करायचा, कारण लाटांच्या हेलकाव्याने तो वाजू लागतो. प्रवासात गाड्यांच्या मजल्यावर परत जाता येत नाही. म्हणून स्वेटर, औषधं, डबा, मुलांचे पत्ते, रात्रीची बोट असेल तर झोपायचे कपडे, हे सगळं एका वेगळ्या पिशवीत भरून ती हातात घ्या. बोट लागण्याची गोळी लाटा सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी घ्या. सोबत आल्याच्या वड्या असू द्या. समुद्रात मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं आणि ते आपल्या रोमिंगच्या योजनेत बहुधा बसत नाही. पेट्रोलचा भरलेला कॅन नेऊ नका, बोटीवर त्याला मनाई असते. गॅसच्या टाकीची झडप घट्ट बंद करा. आणि घड्याळ तासभर पुढे करा.

फ्रान्समध्ये गाडी उजवीकडून. महामार्गावर माणूस आपोआप सावध असतो. चूक होते ती सकाळी पाव आणायला कॅम्पच्या फाटकातून रिकाम्या रस्त्यावर वळताना. शेजारी बसणाऱ्याने पहिले चार दिवस प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणावं. गावांत काही चौकांत उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ देण्याचा जुना नियम अजून चालतो. पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्या छोट्या गल्लीतल्या गाडीसाठीही थांबायचं. वेगमर्यादा महामार्गावर १३०, पावसात ११०. साध्या दोनपदरी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ८०, गावात ५०. आकडे किलोमीटरचे आहेत, तुमच्या गाडीच्या तबकडीवर मैल मोठ्या अक्षरात असतील, तेव्हा आतले बारीक आकडे आधीच नजरेखाली घाला. गाडीच्या मागे ‘यूके’चं चिन्ह हवं, जुनं ‘जीबी’ २०२१ पासून चालत नाही. चमकतं जाकीट आणि इशाऱ्याचा त्रिकोण गाडीत असणं बंधनकारक आहे. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून काचेवर लावायच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या बंदरावर पोचण्याआधी लावा. दहा वर्षांखालच्या मुलांनी मागेच बसायचं, आपापल्या मापाच्या आसनात. गाडीचं नोंदणीपत्र मूळ प्रत न्या, आणि विमा कंपनीला फोन करून फ्रान्समध्ये पूर्ण संरक्षण आहे का ते विचारा. नुसतं किमान कायदेशीर संरक्षण पुरणार नाही.

टोलनाक्याची खिडकी आपल्या गाडीत डाव्या सीटवाल्याच्या बाजूला येते, म्हणून कार्ड त्याच्याकडे द्या. ब्रिटनीच्या चारपदरी रस्त्यांवर टोल नाही, आणि काँहून रेनला जाणारा ए८४ देखील फुकट आहे. नॉर्मंडीच्या ए१३ वर मात्र २०२४ पासून नाकेच काढून टाकलेत. कॅमेरा नंबर टिपतो आणि तुम्ही ७२ तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे. नाका दिसला नाही म्हणून टोल नाही असं समजू नका, दंड घरी येतो. इंधन मोठ्या सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त मिळतं. ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, हे एवढं एक नाव चुकवू नका.

तळ पडल्यावर

फ्रान्समधल्या कॅम्पना एक ते पाच तारे असतात. चार-पाच ताऱ्यांच्या ठिकाणी तरणतलाव, घसरगुंड्या, मुलांचा क्लब, रात्री गाणी. एक-दोन ताऱ्यांचे, गावच्या नगरपालिकेने चालवलेले ‘काँपिंग म्युनिसिपाल’ साधे, स्वच्छ आणि स्वस्त असतात, गावाच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मुलं दहाच्या आत असतील तर तलाव असलेली जागा घ्या, त्याने आईवडिलांचा दिवस सुटतो. तरुण मुलं असतील किंवा शांतता हवी असेल तर म्युनिसिपालसारखं सुख नाही. तंबूचा अनुभव अजिबात नसेल तर पहिल्या वर्षी कॅम्पवरचा तयार तंबू किंवा मोबाइल-होम भाड्याने घ्या. त्यात गॅसची शेगडी, फ्रिज, भांडी असतात, पण चादरी आणि टॉवेल बहुधा आपले न्यावे लागतात.

स्वतःचा तंबू नेणार असाल तर तो आधी घरामागच्या अंगणात किंवा मैदानात एकदा पूर्ण उभारून बघा. खुंट्या मोजा. कॅम्पवर सावलीची जागा मागा. ‘ओंब्राजे’ म्हणजे सावलीतली. ऑगस्टमध्ये उघड्या जागेवरचा तंबू सकाळी आठला भट्टीसारखा तापतो. जागा साधारण दुपारी दोननंतर ताब्यात मिळते आणि स्वागतकक्ष बारा ते दोन बंद असण्याची शक्यता असते. म्हणून सकाळच्या बोटीने उतरलात तर आधी बाजार करा, जेवा, मग कॅम्पवर जा. रात्री दहानंतर शांतता पाळतात आणि फाटकाचा अडसर बंद होतो. मोठ्यांना दररोज थोडा मुक्कामकर पडतो, अठरा वर्षांखालच्यांना तो नाही.

आता विजेचं. आपल्या कुटुंबांची फजिती सगळ्यांत जास्त इथेच होते. कॅम्पवरची जोडणी सहा किंवा दहा अँपिअरची असते. सहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. ब्रिटनच्या घरातली किटली ३,००० वॉटपर्यंत खेचते. ती लावली की फ्यूज उडतो, आणि तो सुरू करायला बऱ्याचदा कार्यालयातल्या माणसाला बोलवावं लागतं. हजार वॉटच्या आतली प्रवासी किटली घ्या. हजार वॉटचा विजेचा कुकर सहा अँपिअरवर चालतो, पण त्याच वेळी दुसरं काही जड लावू नका. आरक्षण करतानाच दहा अँपिअर मागितले तर थोडे पैसे जास्त पडतात, पण भात-वरणवाल्या घरासाठी ते योग्य. निळ्या तीन खुंट्यांची, निदान २५ मीटर लांबीची बाहेर वापरायची केबल न्या आणि ती वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापते. जुन्या कॅम्पवर फ्रेंच घरगुती दोन खुंट्यांचा सॉकेट असतो, त्यासाठी छोटा जोड बरोबर ठेवा.

गॅसच्या बाबतीत ब्रिटनमधल्या कॅलर टाक्या फ्रान्समध्ये बदलून मिळत नाहीत. निळ्या कॅम्पिंगगॅझच्या मात्र मिळतात, गावोगावच्या सुपरमार्केटमध्ये. शेगडी नेहमी उघड्यावर पेटवा. पाऊस आला, थंडी वाजली, काहीही झालं तरी शेगडी किंवा निखाऱ्याची बार्बेक्यू तंबूत घेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. दक्षिणेकडे उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने निखारे पेटवायलाच बंदी असते. कॅम्पच्या फलकावर लिहिलेलं वाचा.

तरणतलावाचा नियम आपल्या लोकांना ऐनवेळी कळतो. पुरुषांना आणि मुलांना ढगळ हाफपँट चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते. बायकांना टी-शर्ट आणि लेगिंग घालून पाण्यात उतरू देत नाहीत. पोहण्याचाच पोशाख लागतो, काही ठिकाणी टोपीसुद्धा. कॅम्पच्या संकेतस्थळावर हे दिलेलं असतं. आजीला पाण्यात उतरायचं असेल तर हे आधीच पाहून घ्या, दारातून परत पाठवलं तर तिला वाईट वाटतं. साध्या कॅम्पच्या शौचालयात कागद नसतो, कधी आसनही नसतं. आपला कागद बरोबर ठेवा.

स्वयंपाक

२०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पनीर, पेढे, चीज घातलेलं सँडविच, सगळं घरी ठेवा. बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे. ताजी फळं आणि भाज्याही बहुतेक नेता येत नाहीत. केळी, अननस, नारळ आणि खजूर चालतात. कढीपत्ता नको. पण पोहे, डाळ, तांदूळ, मसाले, भाजणी, मेतकूट, दाण्याचं कूट, तेलातलं लोणचं हे खुशाल न्या. तेवढ्या शिदोरीवर आठवडा सहज निघतो.

बाकीचं तिथे मिळतं, फक्त नावं ओळखता आली पाहिजेत. ‘लांती कोराय’ म्हणजे मसुराची डाळ. ‘सेमूल फीन’ म्हणजे बारीक रवा, उपमा चांगला होतो. ‘याऊर्त नात्युर’ म्हणजे साधं दही. ‘फ्रोमाज ब्लाँ’ रात्रभर फडक्यात टांगला की सकाळी चक्का तयार; साखर आणि वेलची घातली की श्रीखंड. तूप हवं तर ‘ब्यूर दू’ हे बिनमिठाचं लोणी आणून मंद आचेवर कढवा. ब्रिटनीत मात्र बहुतेक लोणी ‘दमी-सेल’ म्हणजे खारवलेलं असतं, वेष्टन पाहून घ्या. एक छोटा प्रेशर कुकर, एक कढई आणि एक तवा एवढी भांडी पुरतात. शिट्ट्या रात्री दहाच्या आत आटपा. भांडी सामाईक सिंककडे नेण्यासाठी एक टब हवाच.

शाकाहारींनी हॉटेलात नेमकं विचारावं. ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते सॅलडमध्ये आणि कीशमध्येही असतात. ‘साँ वियाँद, साँ लार्दों, साँ प्वासों’ असं सांगा: मांस, लार्दों, मासे नको. ब्रिटनी-नॉर्मंडीत क्रेपरी शोधा. तिथे कुट्टूच्या काळ्या पिठाचं गालेत मिळतं, आत अंडं, चीज, मशरूम हवं ते. मुलं ते आवडीने खातात. काटेकोर शाकाहारी असाल तर हेही सांगायला हवं की फ्रान्सच्या अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. कुठल्याही दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग काय हवं ते. न म्हणता थेट मागणं तिथे उद्धटपणाचं समजतात. रविवारी दुपारी गावातली दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा. गावच्या आठवडी बाजाराचा वार कॅम्पवर पोचल्याबरोबर विचारा. शेतकऱ्यांकडचे टोमॅटो, पीच आणि हिरव्या शेंगा तिथे मिळतात, आणि सुट्टीतली एक सकाळ छान जाते.

समुद्र

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांनाही इथली भरती नवी आहे. मुंबईला पावसाळ्यात साडेचार-पाच मीटरचं उधाण आलं की बातमी होते. सां-मालो आणि माँ सां-मिशेलच्या उपसागरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरच्याही वर जातो. ओहोटीला समुद्र पार दिसेनासा होतो आणि परत येताना सपाट वाळूवर भरभर पसरतो. भरतीचं वेळापत्रक कॅम्पच्या कार्यालयात मिळतं, त्याचा फोटो काढून ठेवा. माँ सां-मिशेलभोवतीच्या वाळूत वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, तिथे रुतणारी वाळू आहे. दक्षिणेकडे बोर्दोच्या पश्चिमेचा अटलांटिक किनारा दिसायला सुंदर, पण तिथे माणसाला आत खेचणारे प्रवाह असतात. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. संकटात ११२ हा क्रमांक, वैद्यकीय मदतीसाठी १५. किरकोळ तक्रारीसाठी हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान. तिथले औषधतज्ज्ञ बराच सल्ला देतात. झाडीत खेळून आलेल्या मुलांच्या गुडघ्यामागे आणि काखेत रोज संध्याकाळी गोचीड आहे का ते पाहा.

परतीच्या आदल्या दिवशीच बहुतेक सामान गाडीत भरा आणि सकाळी फक्त तंबू आवरायचा ठेवा. बंदर लांब असेल तर शेवटची रात्र त्याच्या तासाभराच्या अंतरात काढा. फ्रान्समधून चीज आणायचा मोह होईल, पण १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये गाय, शेळी, मेंढी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही आणायला बंदी आहे. उरलेलं दही-लोणी शेजारच्या तंबूत देऊन टाका. चॉकलेट, बिस्किटं आणि पाव चालतात. सकाळी दव पडलेलं असेल तर तंबू ओलाच गुंडाळावा लागेल. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तो अंगणात किंवा गॅरेजमध्ये पसरून कोरडा करा. ओला पिशवीत राहिला तर काही दिवसांतच त्याला बुरशी धरते.